भाऊरावांचा पट्टा आणि दिनकररावांचं पोट

माणसानं दुसऱ्याच्या घरावर जळावं, बढतीवर जळावं, अगदीच झालं तर दुसऱ्याच्या जावयावर जळावं. या सगळ्याला समाजाची मान्यता आहे. दिनकरराव रामटेके मात्र दुसऱ्याच्या सपाट पोटावर जळत होते, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. ते पोट अलीगंजच्या सरकारी कॉलनीत दिनकररावांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहायचं. त्याच्या मालकाचं नाव अभय खोब्रागडे. दोघं एकाच खात्यातले, एकाच वर्षी भंडाऱ्याहून लखनौला आलेले, दोघांचीही पंचेचाळिशी उलटलेली. फरक एवढाच की अभयचा शर्ट गळ्यापासून कमरेपर्यंत सरळ खाली यायचा आणि दिनकररावांच्या शर्टाला वाटेत एक मोठं वळण घ्यावं लागायचं.

बरं, दिनकरराव काही खादाड नव्हते. रोज पहाटे उठून ते झपाझप चालायचे. जेवणात दोन पोळ्या, फोडणी नसलेली डाळ, भरपूर काकडी. चहात साखर नाही, सणाला गोड नाही, आणि कॉलनीतल्या मुलांच्या वाढदिवसाला केक दिसला की ते दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. याचा परिणाम झाला नाही असं नाही. त्यांचे दंड बारीक झाले, पाय काटकुळे झाले, गाल आत गेले. ओळखीचे लोक त्यांच्या बायकोला, कांतावहिनींना, बाजूला घेऊन, भाईसाहेबांना काही आजार वगैरे आहे का, म्हणून विचारायला लागले. पोट तेवढं जिथल्या तिथं होतं. सरकारी नोकरीत कायम झालेल्या माणसासारखं ते कुठल्याही कारणानं हलायला तयार नव्हतं.

आणि वरचा तो अभय. सकाळी चौकात उभा राहून दही-जिलबी हाणायचा. ऑफिसात अकराला कचोरी, दुपारी डब्यातल्या चार पोळ्या आणि वर कॉलनीतल्याच मिश्राजींच्या डब्यातला पराठा, संध्याकाळी समोसे. कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी स्कूटर काढायचा. व्यायाम म्हणाल तर जांभई देताना हात वर करायचा, तेवढाच. असला माणूस वेताच्या छडीसारखा ताठ आणि सपाट राहतो, यात निसर्गाचा काहीतरी घोटाळा आहे, असं दिनकररावांचं ठाम मत होतं. ते अभयसमोर बसून काकडी खात आणि अभयच्या हातातल्या कचोरीकडे बघत, तेव्हा त्यांच्या मनात जे यायचं ते पंचशीलात बसणारं नव्हतं.

हे जळणं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं असतं, पण पंचाण्णव साली त्यात पट्टा आला.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लखनौतल्या मराठी बौद्ध कुटुंबांचं एक लहानसं पथक चालायचं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, निळी टोपी, आणि सगळ्यांच्या पुढं पथकप्रमुख. हा मान कितीतरी वर्षं रेल्वेतून निवृत्त झालेल्या भाऊराव गजभियांकडे होता. त्यांच्या कमरेला त्यांच्या वडलांचा पट्टा असायचा. रुंद कातडी पट्टा, पुढं पितळेचं बक्कल. छप्पन साली नागपुरात दीक्षेच्या दिवशी जे स्वयंसेवक गर्दी आवरायला उभे होते त्यांत भाऊरावांचे वडील होते, आणि तेव्हा हाच पट्टा त्यांच्या कमरेला होता. जयंती जवळ आली की भाऊराव ते बक्कल चिंचेनं घासायला बसायचे, आणि घासताना कुणाशी बोलायचे नाहीत. त्या साली त्यांच्या गुडघ्यांनी साफ राजीनामा दिला.

आता पुढं कोण चालणार? तरुण पोरं हुकूम द्यायला उभी राहिली की एकमेकांकडे बघून हसायची. उरले दोघं. दिनकररावांचा आवाज असा, की त्यांनी अलीगंजात मुलीला हाक मारली तर इंदिरा नगरातली एखादी मुलगी 'आ रही हूँ, पापा' म्हणून निघावी. अभयची अंगकाठी अशी, की गणवेश त्याच्यासाठीच शिवलाय असं वाटावं. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर भाऊरावांनी निकाल दिला. म्हणाले, "आवाज दिनकरचा, अंग अभयचं. मी कोनाले नाराज करू? जयंतीच्या अगोदरच्या रविवारी दोघंही पट्टा लावून पाहा. ज्याले बसंल तो पुढं."

पट्ट्याला एखादं जास्तीचं भोक पाडलं तर, असं दिनकररावांनी अतिशय नम्रपणे सुचवलं. भाऊरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी विहाराची भिंत पाडायला सांगितली. "माह्या बापानं भोक पाडलं नाही, मी पाडलं नाही. पट्टा आहे तसा राहीन." विषय संपला.

दिनकररावांना तो मान हवा होता. नुसता हवा नव्हता, जिवापाड हवा होता. सगळा जन्म त्यांनी फायली पुढं सरकवण्यात घालवला होता, स्वतः कशाच्याच पुढं चालले नव्हते. आपण पुढं आहोत, आपल्या आवाजावर मागची सगळी पावलं एकदम पडताहेत, आणि फुटपाथवर उभी राहून आपली लेक अवनी बघते आहे, हे चित्र त्यांना ऑफिसला जाताना रोज दिसायचं. त्या चित्राच्या नादात दोन वेळा लाल सिग्नल दिसलाच नाही.

मग त्यांनी युद्ध पुकारलं. नेहमीचं चालणं वाढवायचं ठरवलं तर नेमकं कॉलनीजवळचं उद्यान सुशोभनासाठी बंद झालं. सकाळी फिरणाऱ्यांना पास मिळेल असं कळलं. पासासाठी अर्ज, अर्जाला दोन फोटो आणि चालायला प्रकृती योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटाकडे एकवार पाहून सांगितलं, असा दाखला देता येणार नाही, आधी महिनाभर चाला, पोट उतरवा, मग या. पण चालण्यासाठीच तर दाखला पाहिजे, असं दिनकररावांनी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, नियम मी नाही बनवले. शेवटी दिनकरराव पाण्याच्या टाकीभोवती चकरा मारायला लागले, तर तिथं कुत्र्यांची वस्ती होती. कुत्र्यांनी पासबीस काही विचारला नाही. त्यांनी थेट पळवलं, आणि त्या सबंध मोहिमेत खरा असा व्यायाम तेवढाच झाला.

मग अमीनाबादेच्या बाजारातून पोट कमी करायची स्प्रिंग आली. पाय अडकवायचे, मूठ धरायची, आणि आडवं होऊन ओढत उठायचं. खोक्यावरच्या गोऱ्या माणसाला पोट म्हणून नव्हतंच, त्यामुळे त्याला ती कशाला लागत होती हा प्रश्न कांतावहिनींनी विचारला. दिनकररावांनी लक्ष दिलं नाही. एका सकाळी ती स्प्रिंग अर्ध्यातच तुटली. मूठ छताला लागली, तिथून आरशाला लागली, आणि दिनकरराव पाठीवर पडले. वरून अभय धावत आला. त्याला वाटलं खाली सिलिंडर फुटला. त्यानं दिनकररावांना हात देऊन उठवलं, काचा गोळा केल्या, आणि जाताना टेबलावरच्या लाडवांतला एक तोंडात टाकून गेला. पाठीपेक्षा तो लाडू दिनकररावांना जास्त लागला.

एव्हाना ही बातमी कॉलनीभर झाली होती. लखनौत एखाद्याला काही होतंय असं कळलं की माणसं शब्दांनी धीर देऊन थांबत नाहीत. समोरच्या ब्लॉकमधल्या सिद्दीकीसाहेबांनी सांगितलं, रात्री दुधात बादाम भिजवून घ्या, चरबी आपोआप वितळते. मिश्राजींनी सातूचं पीठ आणून दिलं आणि त्यात शुद्ध तूप घालायला विसरू नका म्हणून बजावलं. ऑफिसातल्या बड्याबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कसाहेबांनी, च्यवनप्राश सुचवला. यात गंमत अशी, की बारीक होण्यासाठी काय खावं हे प्रत्येकजण सांगत होता, काय खाऊ नये हे कुणीच सांगत नव्हतं. दिनकरराव कुणाचं मन मोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सगळ्यांचं सगळं थोडं थोडं केलं.

पट्ट्याचा रविवार आठवड्यावर आला तेव्हा ते विहारातल्या भन्तेजींकडे गेले. भन्तेजी दुपारनंतर जेवत नसत आणि अंगानं अगदी सुटसुटीत होते. दिनकररावांनी तोच नियम मागितला. भन्तेजी हसून म्हणाले, "शील मन के लिए होता है, रामटेकेजी, कमर के लिए नहीं. पर लीजिए." अशा रीतीनं दिनकरराव दुपारी बारानंतर अन्नाला शिवेनासे झाले.

इथंच घात झाला. त्या साली नेमकं त्याच आठवड्यात चैत्र नवरात्र चालू होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दिनकरराव हात बांधून बसलेले पाहून कुणीतरी अदबीनं विचारलं, "व्रत है क्या, भाईसाहब?" दिनकररावांच्या पोटात कावळे ओरडत होते, बोलायचं त्राण नव्हतं. ते म्हणाले, "हाँ, ऐसा ही कुछ." त्याच क्षणी त्यांना पंख्याखालची खुर्ची मिळाली. बड्याबाबूंनी त्यांच्यापुढची फाईल स्वतः उचलली आणि चारला घरी जायला सांगितलं. इतका मान त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता. खरं सांगायची वेळ होती, पण ती त्यांनी जाऊ दिली.

संध्याकाळी दिवे लागताच मिश्राभाभी दारात हजर. हातात ताट, ताटात कुट्टूच्या, म्हणजे उपासाच्या पिठाच्या, पुऱ्या, तुपात तळलेले बटाटे, शिंगाड्याचा हलवा, मखाण्याची खीर. दिवसभर उपास करणाऱ्या शेजाऱ्याला फलाहार पोचवला की त्याचं अर्धं पुण्य आपल्याला लागतं, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्या पुण्याच्या बाबतीत त्या पक्क्या हिशेबी होत्या. ताट ठेवून जायला त्या तयार नव्हत्या. खुर्ची ओढून समोर बसल्या. दिनकररावांनी एक पुरी खाल्ली. मिश्राभाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. दिनकररावांनी सगळं ताट संपवलं.

दुसऱ्या दिवसापासून तीन घरांची ताटं यायला लागली. कांतावहिनींनी कपाळावर हात मारला. अवनी म्हणाली, "पापा, आप बोल क्यों नहीं देते कि आप नवरात्र नहीं मानते?" दिनकरराव म्हणाले, आता बोललो तर बड्याबाबूंना काय वाटेल. उरलेलं ताट वर जायचं. अभय ते मिटक्या मारत खायचा आणि रिकामं ताट परत करायला स्वतः खाली यायचा. सकाळी दिनकरराव पायऱ्यांवर उभे राहून त्याचं पोट बघायचे. कुट्टूची पुरी नाही, हलवा नाही, कशाचाही मागमूस नाही. तेच ताट, तेच तूप. एकाच्या अंगाला लागतं, दुसऱ्याला विचारतसुद्धा नाही. त्या दिवसांत दिनकररावांना रात्री झोप यायची नाही, आणि आली तर स्वप्नात अभय जिलबी खायचा.

रविवार उजाडला. विहाराच्या अंगणात पथक उभं होतं, बायका सावलीला बसल्या होत्या, आत खिरीचं पातेलं झाकून ठेवलं होतं. भाऊरावांनी पट्टा दोन्ही हातांवर धरून आणला. वयानं थोडे मोठे म्हणून पहिला मान दिनकररावांना.

दिनकररावांनी छातीतली सगळी हवा बाहेर सोडली. मग आणखी थोडी सोडली. दोघांनी दोन्ही बाजूंनी पट्टा ओढला, आणि काय सांगावं, बक्कल शेवटच्या भोकात बसलं. टाळ्या पडल्या. अवनी टाचा उंचावून बघत होती. अभयचा चेहरा पडला, आणि तो पडलेला दिनकररावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्या अवस्थेत ते तसेच घरी गेले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण भाऊराव म्हणाले, "आता हुकूम दे, दिनकर. तुहा आवाज ऐकू दे." दिनकररावांनी मान हलवून नंतर, नंतर अशी खूण केली. भाऊराव ऐकेनात. आवाजासाठी तर त्यांना उभं केलेलं. आणि आवाजाला हवा लागते. दिनकररावांनी श्वास घेतला आणि "पथक, सावधान" असा हुकूम दिला. त्यातलं 'पथक' सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या शब्दाला छप्पन सालचं कातडं बक्कलाजवळ टर्रकन फाटलं, बक्कल उडालं आणि खिरीच्या पातेल्यावर जाऊन ठणकन वाजलं. पथक मात्र सावधान झालं होतं, हे मान्य करायला पाहिजे.

कुणी हसलं नाही. तेच वाईट होतं. भाऊरावांनी वाकून बक्कल उचललं, शर्टाला पुसलं आणि खिशात टाकलं. अभय जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "दिनकरभाऊ, लागलं तं नाही ना?" त्यात काळजी होती, आणि ती खरी होती, म्हणून दिनकररावांना ती जास्तच झोंबली. पट्टा दुरुस्त झाला की अभय पुढं चालेल, असं ठरलं. नाहीतर दुसरं काय ठरणार होतं?

घरी आल्यावर दिनकरराव टोपी हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "एकदा पुढं चालाचं होतं, कांता. एकदाच. पट्टाबी तोडला, अन् तोही भाऊरावांच्या बापाचा." कांतावहिनींनी त्यांच्या हातातली टोपी घेतली, घडी केली आणि कपाटात ठेवली. त्या संध्याकाळी मिश्राभाभींचं ताट आलं ते त्यांनी दारातच हात जोडून परत केलं, आणि आमच्याकडे नवरात्राचा उपास नसतो, हे एकदाचं सांगून टाकलं. मिश्राभाभींनी रागावायचं सोडून विचारलं, मग भाईसाहेब इतके सुकले कशानं?

भाऊरावांनी पट्टा चौकातल्या मोच्याकडे नेला. भाऊराव बोलके गृहस्थ. पट्टा कुणाचा, कुठं वापरला, कसा तुटला, पोट केवढं होतं, बक्कल कुठं जाऊन लागलं, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, ऐसा बनाओ कि फिर न टूटे. मोच्यानं बरोबर तेच केलं. बक्कलाकडचं वाळलेलं कातडं कापून टाकलं, त्या जागी नवं घालून दुहेरी शिलाई मारली, आणि ज्या पोटानं पट्टा तोडला त्याच पोटावर तो चढणार हे गृहीत धरून लांबी चांगली ऐसपैस ठेवली. भोकाला त्यानं हात लावला नाही. तशी ताकीद होती.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सराव होता. दिनकरराव जाणार नव्हते, कांतावहिनींनी ढकलून पाठवलं. ते मागच्या ओळीत उभे राहिले. अभयनं पट्टा लावला, सगळ्यांत आतल्या भोकात लावला, आणि पहिल्या चार पावलांत पट्टा मांड्यांवर आला. त्यानं वर ओढला, तो परत खाली. एका हातानं पट्टा धरून हुकूम देणारा पथकप्रमुख कुणी पाहिला नव्हता. एक भोक पाडू या, असं आता अभय म्हणाला. भाऊरावांनी त्याच्याकडेही तसंच पाहिलं. नियम दोघांना सारखाच होता.

अभय बायकोला, रुचिराला, घेऊन आत गेला आणि थोड्या वेळानं बाहेर आला तेव्हा त्याला पोट होतं. चांगलं गरगरीत. दिनकररावांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पट्टा झकास बसला होता. अभयनं हुकूम दिला, पाय आपटला, डावी-उजवी केली, आणि तिसऱ्या वळणाला ते पोट सरकत सरकत पाठीवर गेलं. शर्टाखालून उशीच्या अभ्र्याची कशिदा काढलेली कडा लोंबत होती. "माह्या बापाच्या पट्ट्याखाली उशी?" भाऊराव म्हणाले. "काढ तो पट्टा."

मग तो दिनकररावांच्या कमरेला आला. ओढावा लागला नाही, श्वास कोंडावा लागला नाही. मधल्या भोकात बसला आणि पोटाच्या आधारानं जागच्या जागी राहिला. दिनकररावांनी पोटभर श्वास घेतला आणि हुकूम दिला. समोरच्या झाडावरचे पोपट उडाले. भाऊरावांनी नुसती मान हलवली आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव पुढं चालले. त्यांच्या आवाजावर मागची सगळी पावलं पडली. अवनीनं फुटपाथवरून "जय भीम, पापा" म्हणून हात हलवला तेव्हा त्यांना रस्ता नीट दिसेना. एकच उणीव राहिली. अभय मागच्या ओळीत होता, त्याचा चेहरा कसा झाला असेल ते वळून बघता येत नव्हतं.

तो चेहरा संध्याकाळी आपणहून दारात आला. अभय बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "दिनकरभाऊ, खरं सांगा. खाता काय हो तुमी? मी सारा दिवस खातो, पन अंगाले काहीच लागत नाही. गावी गेलो तं सासू रुचिराले म्हंते, जावयाले उपाशी ठेवते काय." त्याच्या आवाजात जे होतं ते दिनकररावांनी ताबडतोब ओळखलं. वर्षानुवर्षं त्यांनी ते पाळलं होतं. इतकं सुख त्यांना पट्टा कमरेला बसला तेव्हाही झालं नव्हतं. ते मोठ्या मनानं म्हणाले, "काही नाही, दोन पोळ्या अन् फिकी डाळ." अभयला ते खोटं वाटलं. जाताना तो म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या जयंतीले पाहू."

दिनकररावांनी चालणं सोडलं, डाळीला फोडणी आली, चहात साखर पडायला लागली. पण पोट हा जात्याच उलट्या खोपडीचा अवयव आहे. राहा म्हटल्यावर ते जायला लागलं. पावसाळ्यात पँट सैल झाली, दसऱ्याला आणखी सैल झाली. आणि वरच्या मजल्यावर, रुचिरानं माहेराहून तूप मागवल्यापासून, अभयच्या शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली दिसू लागली. दिनकरराव पुन्हा पायऱ्यांवर उभे राहून त्याचं पोट बघायला लागले. पुन्हा झोप उडाली.

एके दिवशी रात्रीच्या जेवणाला वरून पोळपाटाचा आवाज येत होता. सरकारी क्वार्टरचं छत, त्यातून काय लपतं. कांतावहिनी तव्यावरची पोळी घेऊन आल्या. दिनकररावांचं पानातलं संपलं होतं, पोट गच्च भरलं होतं, घास वर आला होता.

"आनखी एक वाढू?" त्यांनी विचारलं.

दिनकररावांनी मान वर करून छताकडे कान दिला आणि म्हणाले, "वरती कितवी चालू आहे?"